विश्वचषकाचं गाऱ्हाणं

सत्त्याऐंशी सालच्या विश्वचषकात आपण उपान्त्य सामना का हरलो, यावर मी आजवर पुष्कळ ऐकलंय. कुणी म्हणतं खेळपट्टी ओळखता आली नाही. कुणी म्हणतं नाणेफेक जिंकल्यावर मुकाट्यानं आधी फलंदाजी घ्यायला हवी होती. कुणी म्हणतं आपले खेळाडू मनानं आधीच अंतिम सामन्याला जाऊन बसले होते. लग्नाच्या पंगतीत नाहीतर एसटीच्या बाकावर हा विषय निघाला की मी सगळ्यांचं ऐकून घेते आणि गप्प बसते. कारण खरं कारण मला ठाऊक आहे. आपण आमच्या घरामुळे हरलो. नेमकं सांगायचं तर माझ्यामुळे.

हसू येत असेल तर खुशाल हसा. त्या दिवशी आमच्या वाडीत कुणी हसत नव्हतं.

मी देशावरची. माहेर मिरजेकडचं. लग्न होऊन पंच्याऐंशी साली आले ती रत्नागिरीजवळच्या अशा वाडीत, जिथून शहरातल्या शाळेत शिकवायला जायला एसटीनं अर्धा तास लागायचा आणि एसटी यायला एक तास. हे मुंबईला नोकरीला, गणपतीला आणि शिमग्याला यायचे. एरवी घरात आम्ही तिघंच: मामंजी, सासूबाई आणि मी. पहिलं वर्ष मला फार जड गेलं, ते लपवत नाही. दोन्ही वेळा भात, शेजारून येणारा सुकटीचा वास, आणि बोलणं असं हेल काढून की सासूबाई रागावल्यात की लाडात आल्यात हे ओळखायला मला सहा महिने लागले. त्यात मिरजेजवळच्या एका शाळेत जागा निघाल्याचं वडिलांचं पत्र आलं. मी त्याच दिवशी अर्ज लिहिला आणि पर्समध्ये घालून फिरायला लागले. त्याचं काय झालं ते सांगेन शेवटी.

माहेराहून मी दोन गोष्टी आणल्या होत्या, ज्वारीची भाकरी आणि क्रिकेटचं वेड. भाकरीनं तांदळाच्या पिठापुढे वर्षभरात हात टेकले. क्रिकेट मात्र टिकून राहिलं. वडिलांच्या शेजारी बसून रेडिओला कान लावत वाढलेली मी. मला सामन्याच्या दिवशी जेवण जात नाही, हे सासूबाईंना बघून ठाऊक झालं होतं. "हिला आज मॅच हाय," असं त्या शेजारणींना सांगायच्या, जसं हिला आज ताप आहे म्हणावं.

मामंजी म्हणजे रत्नागिरी-राजापूर गाडीचे कंडक्टर. तीस वर्षं त्याच रस्त्यावर. आवाज असा, की मागच्या बाकावर घोरणारा माणूस आपला थांबा आला की दचकून उठायचा. निवृत्त झाले तेव्हा तिकिटांची पेटी, बिल्ला, शिट्टी, सगळं डेपोत जमा झालं. त्या आवाजाला काम म्हणून एकच गोष्ट उरली. वाडीचं गाऱ्हाणं.

देशावर गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. कोकणात तसं नाही. इथे सगळ्यांनी ग्रामदेवतेसमोर उभं राहायचं, एकानं सगळ्यांच्या वतीनं देवाकडे मागायचं, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यानंतर बाकीच्यांनी एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. बोलणारा एक, पण सही सगळ्यांची. त्याला क्रम असतो. आधी देव, मग शिवेवरचे राखणदार, मग शेती, गुरंढोरं, मुंबईला गेलेली मुलं, लेकीसुना, असं करत करत शेवटापर्यंत जायचं. मध्ये ओळ गाळली तर गाऱ्हाणं लंगडं झालं म्हणतात. मामंजी कधी गाळत नसत. राजापूरपर्यंतचे थांबे सांगावेत तसे ते एकेक ओळ घेत जायचे, आणि त्या पाच मिनिटांत त्यांची पाठ पुन्हा ताठ व्हायची. निवृत्त माणसाची पाठ किती लवकर वाकते, ते मी घरात रोज बघत होते. म्हणून सांगते, त्या माणसाकडे दुसरं काही नव्हतं.

ते मागायला टपलेलंही एक माणूस होतं. माझे चुलत सासरे, मामंजींचे धाकटे चुलतभाऊ. त्यांचाही आवाज खणखणीत. पण मान थोरल्याचा, त्यामुळे ते दर वेळी पहिल्या रांगेत उभं राहून "व्हय म्हाराजा" एवढंच म्हणायचे, आणि ते असं म्हणायचे की मूळ गाऱ्हाण्यापेक्षा तेच लांब ऐकू जावं.

त्या वर्षी विश्वचषक आपल्याच अंगणात भरला होता. चार वर्षांपूर्वी आपण विलायतेत जाऊन तो जिंकला होता, तेव्हा आता काय, नुसता उचलून घरी न्यायचा. त्यात उपान्त्य सामना मुंबईला, आणि मुंबई म्हणजे अर्धी वाडीच. इंग्लंड समोर आहे याची कुणाला फिकीर नव्हती. अंतिम सामन्याच्या दिवशी कोणी काय शिजवायचं, हेसुद्धा ठरून गेलं होतं. मी मात्र मास्तरीण आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी शीळ घालत फिरणाऱ्या मुलाचं पुढे काय होतं, ते मी दर वर्षी बघते.

सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी मामंजी पडवीत सुपारी कातरत बसले होते. दिवाळीची सुट्टी होती, मीही घरीच.

"मामंजी," मी म्हटलं, "उद्या सकाळी देवळात एक गाऱ्हाणं घातलंत तर?"

"कसला?"

"क्रिकेटचं."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "सूनबाय, मी पाऊस मागितला, पोरांस नोकऱ्या मागितल्या, म्हशीचा दूध मागितला. खेळ कदी मागितला नाय. देव इचारील, ह्यात माजा काय काम?"

"आपलीच मुलं ना ती? परक्यांशी झुंजतायत."

"ता बराबर," ते म्हणाले, पण अडकित्ता काही उचलेनात.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "घाला हो! म्हशीसाठी घातलात, नि सून सांगते तर तोंडात मीठ धरलात?"

मग मात्र मामंजी कामाला लागले. अर्धवट काही करायचा स्वभावच नव्हता. नेमकं काय मागायचं ते नीट सांग म्हणाले. मी वहीच्या पानावर तीन गोष्टी लिहून दिल्या: टॉस आपण जिंकावा, झेल सुटू नयेत, कुणाला दुखापत होऊ नये. धावा किती मागायच्या, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, देवाला आकडा नका सांगू, तेवढं त्याच्यावर सोडा. संध्याकाळभर ते खळ्यात येरझाऱ्या घालत त्या तीन ओळी गाऱ्हाण्याच्या भाषेत बसवत होते. मला फार बरं वाटत होतं. आपण केवढं मोठं काम केलं, असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा होती, त्यामुळे देऊळ सारवून तयारच होतं. बातमी वाडीभर गेलेली. भाताची झोडणी चालू होती, पण त्या सकाळी झोडायच्या भाऱ्यांच्या उडव्या तशाच राहिल्या आणि लहानथोर सगळे देवळात हजर झाले. मामंजींनी टोपी नीट केली, हातात नारळ घेतला.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या टायमाला तुजी समदी लेकरा तुज्या पायाशी उबी ऱ्हायलीत."

"व्हय म्हाराजा!"

"आज तकडं मुंबैला आपली अकरा पोरा खेळाला उतरतायत. त्यांच्या पाठीशी उबा ऱ्हा."

"व्हय म्हाराजा!"

"टास उडवतील, तो आपल्या बाजूला पाड."

"व्हय म्हाराजा!"

"हातात आलेला चेंडू कुनाच्याच हातातना निसटू देऊ नको. कुनाचा हात दुखू नको, पाय मुरगळू नको."

"व्हय म्हाराजा!"

इथे माझी चिठ्ठी संपली. पण मामंजींचा आवाज आता तापला होता, आणि राजापूरची गाडी काही अर्ध्या वाटेत उभी राहणारी नव्हती. ते पुढे नेहमीच्या रस्त्याला लागले. शेती झाली, गुरं झाली, मुंबईची मुलं, बोटीवरची माणसं, लेकीसुना झाल्या, आणि मग आली शेवटची ओळ, जी ते आणि त्यांच्या आधी त्यांचे वडील कायम म्हणत आले होते.

"आनि म्हाराजा, तुज्या शिवेत जो कोन पै-पावना आला असंल, त्याला परका समजू नको. त्याच्या मनात जा काय असंल, ता पुरा कर. त्याला काय उना पडू देऊ नको."

"व्हय म्हाराजा!" देऊळ दणाणलं. शेवटच्या ओळीला आवाज नेहमीच मोठा येतो, कारण त्यानंतर नारळ फुटतो, आणि त्या दिवशी त्यानंतर टीव्हीही होता.

मी मात्र नेहमीसारखी मागे बायकांत हात जोडून गप्प उभी होते. शिकलेल्या बाईनं असं ओरडायचं कसं, हा माझा देशावरचा ताठा. गाऱ्हाणं घालायला मी लावलं, आणि होकार द्यायला मला लाज वाटत होती.

वाडीत रंगीत टीव्ही एकच, बोटीवाल्या वहिनींकडे. त्यांचे यजमान मालवाहू बोटीवर. वर्षातले नऊ-दहा महिने समुद्रात. त्यांनी परदेशातून आणलेला तो टीव्ही, त्यावर विणलेला रुमाल, त्यावर त्यांचा फोटो, आणि फोटोखाली त्यांचं सगळ्यात शेवटचं आलेलं पत्र. त्याला दोन महिने झाले होते. वहिनींना क्रिकेटमधलं काही कळत नसे, पण सामन्याच्या दिवशी त्या ओटीचं दार सताड उघडं ठेवत, आणि स्वतः मागे बसून सुपात तांदूळ निवडत.

टॉस आपण जिंकलो. ओटीवर असा जल्लोष झाला की गोठ्यातली म्हैस ओरडली. सगळ्यांनी मामंजींकडे वळून बघितलं. ते नुसते मान हलवत होते, गाडी वेळेवर सुटल्यावर हलवत असत तशी.

आपण इंग्लंडला आधी खेळायला दिलं, आणि मग त्यांचा तो सलामीवीर खेळायला लागला. आपले फिरकी गोलंदाज चेंडू टाकतायत आणि हा गडी गुडघा टेकून बसतोय आणि बॅट आडवी फिरवून चेंडू झाडून टाकतोय. पुन्हा चेंडू, पुन्हा गुडघा, पुन्हा झाडू. सासूबाई क्रिकेट कधी बघत नसत, पण त्या दिवशी त्यांनाही राहवलं नाही.

"हा मेला काय खळा झाडायला आलाय?" त्या म्हणाल्या. "नि आपले तरी तितंच कशाला टाकतात? दुसरीकडं टाका म्हनावं, वाकेल तरी!"

पुढे कितीतरी जाणकारांनी लांबलचक लेखांतून हेच लिहिलं. आमच्या सासूबाईंनी ते जेवणाच्या सुट्टीआधीच सांगून टाकलं होतं.

दुपारी आपली फलंदाजी आली. सुरुवातीलाच एक मोठा मोहरा गेला, तरी कुणी फार मनावर घेतलं नाही. मग जोडी जमावी आणि मोडावी, असं सुरू झालं. मधे एकदा वाटलं, झालं, आता जिंकतोच. ओटीवर पेज-भात कुणी जेवलं नाही. आणि मग आपले गडी उंच फटके मारायला लागले, आणि सीमारेषेवर इंग्लंडचे लोक ते एकेक करून नीट दोन्ही हातांत धरायला लागले. उन्हं कलायच्या आधी सगळं संपलं. कुणी तरी उठून टीव्ही बंद केला. वहिनींच्या सुपात तांदूळ पडल्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

चुलत सासरे उभे राहिले.

"दादा," ते मामंजींना म्हणाले, "सकाळी शेवटाला काय म्हनालास?"

"नेहमीचा म्हनालो."

"पावन्याच्या मनात जा असंल ता पुरा कर, म्हनालास. इंग्लंडवाले मग कोन? आपले सोयरे? पावनेच ते! त्यांच्या मनात काय व्हता, ता सांगाया हवा? केलान ना म्हाराजान पुरा!"

मग एकेक जण बोलायला लागला. टॉस दिलान, मॅच दिलान नाय, असं एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "कुनाच्याच हातातना चेंडू निसटू देऊ नको म्हनालो. त्यांच्यापन हातातना निसटला नाय!" हे खरंच होतं. त्यांनी एकही सोडला नव्हता. आणि दिवसभर त्यांच्या कुणाचा साधा पायही मुरगळला नव्हता, इतकं वाकूनसुद्धा. बघता बघता सगळं जुळत गेलं. देवानं शब्द न् शब्द ऐकला होता. मागण्यातच चूक होती, आणि मागणारे मामंजी होते. ज्या सगळ्यांनी घसा फोडून "व्हय" म्हटलं होतं, ते आता आपण त्या गावचेच नसल्यासारखे त्यांच्याकडे बघत होते.

मामंजी चपला घालून खाली मान करून घरी आले आणि टोपी खुंटीला अडकवली.

"आजचा त्रिपुर त्यालाच पाजळू दे," ते म्हणाले. "गाऱ्हानापन तोच घालू दे. माजा नको आता."

मला रडू आलं. पराभवाचं नव्हे, आता खरं सांगते, पराभव मी त्या क्षणी विसरले होते. एका माणसाकडे उरलेली एकच गोष्ट माझ्या हौसेपायी गेली होती. मी त्यांच्यासमोर बसले आणि कातरलेल्या सुपारीची खांडं जमिनीवर मांडून त्यांना सगळं समजावलं. हा गोलंदाज, हा क्षेत्ररक्षक, चेंडू इथे टाकला म्हणून तिकडे गेला, बघा, या कोपऱ्यात माणूसच नव्हता. सामना असा हरलो मामंजी, गाऱ्हाण्यानं नाही.

त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. "म्हंजे देवाचा काय चुकला नाय."

"नाही."

"नि माजा?"

"तुमचंही नाही."

"ता तू मला सांगून काय उपेग, सूनबाय? वाडीला सांग." आणि त्यांनी त्यातलंच एक खांड तोंडात टाकलं.

मी हरले. मग सासूबाई आल्या. त्यांच्या एका हातात पणत्यांचं ताट, दुसऱ्या हातात खुंटीवरून काढलेली टोपी.

"घरात बसायचा असंल तर खुशाल बसा," त्या म्हणाल्या. "गोठ्यात शेन तसाच पडलाय. ता काढा. नसंल काढायचा तर ही टोपी घाला नि चला."

मामंजींनी दोन्हीचा विचार केला आणि टोपी घातली.

आम्ही पोचलो तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. दीपमाळेवर पणत्या मांडून झाल्या होत्या, पण गाऱ्हाणं झाल्याशिवाय त्या पेटवायच्या नाहीत, अशी रीत. सगळे थांबले होते. चुलत सासऱ्यांनी बहुतेक आधीच ठरवलं होतं, कारण त्यांनी फार वेळ घालवला नाही.

"दादा, मान तुजा हाय, आमी काय काढून घेत नाय," ते म्हणाले. "पन ती पावन्याची ओळ आजपासना गाळायची. गाळलीस तर तूच घाल. नायतर नारळ हिकडं दे."

सौदा वाजवी होता. लोकांनी माना डोलावल्या. मी मनात म्हटलं, मामंजी, गाळा. एका ओळीनं काय होतंय? गाळा आणि सुटा.

मामंजींनी नारळ दोन्ही हातांत धरला. मग बोलले, अगदी हळू, कंडक्टरच्या आवाजात नव्हे. "राजापूरच्या गाडीवर तीस वरसा काढली. एकपन थांबा गाळला नाय. पावसात कोन उबा नसंल, तरी बेल मारली. आता म्हातारपनी थांबा गाळून गाडी न्यायची, ता माज्यान व्हनार नाय."

आणि त्यांनी नारळ पुढे केला. चुलत सासऱ्यांचा हात तो घ्यायला आला. इतकी वर्षं वाट बघितलेला हात, मी तो अजून विसरले नाही.

"थांबा," मागून कुणी तरी म्हणालं.

बोटीवाल्या वहिनी होत्या. देवळात त्या कधी तोंड उघडत नसत.

"ती ओळ कोनी काढायची नाय," त्या म्हणाल्या. "आमचा मानूस आज कुठल्या शिवेत हाय, मला म्हायत नाय. दोन म्हयने पत्र नाय. जितं असंल तितं तो पावनाच ना? तितल्या देवाला कोनतरी सांगत असंल, ह्याला परका समजू नको म्हनून. त्याच्यावरच मी जगतंय. आज तुमी हितं ओळ काढलीत, नि उद्या तिकडच्यांनीपन काढलानी तर?"

वाडीत असं घर नव्हतं की ज्याचा माणूस बाहेर नाही. कुणाचा मुंबईला भाड्याच्या खोलीत, कुणाचा बोटीवर, आणि चुलत सासऱ्यांचे तर दोन्ही मुलगे आखातात. त्यांचा पुढे आलेला हात हळूहळू खाली गेला. त्यांनी उगाच टोपी काढून पुन्हा घातली.

"घाल दादा, तूच घाल," ते म्हणाले. "पन जरा सांबाळून घाल."

दिवसभरात वाडी पहिल्यांदा हसली.

मामंजींनी गाऱ्हाणं सुरू केलं. सुरुवातीला आवाज कापत होता, शेती-गुरांपर्यंत सावरला, मुंबईच्या मुलांपाशी चांगला मोकळा झाला. मग ती ओळ आली. "तुज्या शिवेत जो कोन पै-पावना आला असंल, त्याला परका समजू नको," एवढं म्हणून ते थांबले. लोक म्हणतील की नाही म्हणतील, ते त्यांना ठाऊक नव्हतं. खरंच कुणी म्हणेना. हसले सगळे होते, पण पहिल्यानं कोण ओरडणार?

"व्हय म्हाराजा!" मी ओरडले.

एकटीच. तीही मिरजेच्या ठसक्यात. सगळ्यांनी वळून बघितलं आणि सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मग वहिनी म्हणाल्या, मग बायका, मग पुरुष, आणि सगळ्यांच्या शेवटी, सगळ्यांपेक्षा लांब, चुलत सासरे. मग दीपमाळ पेटली.

वहिनींच्या यजमानांचं पत्र पुढच्याच आठवड्यात आलं, आणि पोस्टमनला त्यांनी जेवायला बसवलं. त्याच सुमारास कलकत्त्याला अंतिम सामना झाला. ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड, म्हणजे दोन्ही पाहुणेच. आता देव कुणाच्या मनातलं पुरं करणार, असा वाडीला मोठा प्रश्न पडला होता. मामंजींना विचारलं तर म्हणाले, "मी सांगायचा ता सांगितला. आता म्हाराज बगून घेल." त्या सामन्यात इंग्लंड हरलं. चुलत सासऱ्यांनी स्वतःहून घरी येऊन ती बातमी दिली आणि दोन्ही भाऊ पडवीत बसून चहा प्याले.

पण त्रिपुरीच्या त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं.

देवळातून घरी निघालो तेव्हा चांदणं पडायला लागलं होतं. सासूबाई वहिनींबरोबर पुढे गेल्या. मी आणि मामंजी बांधावरून मागे चाललो होतो. माझ्या मनात होतं ते मी विचारलंच.

"मामंजी, नारळ सोडायला तयार झालात, पण ओळ सोडली नाहीत. एवढं काय आहे त्या ओळीत?"

ते थोडं चालले. "तू आलीस त्या वरसाला," ते म्हणाले, "ती ओळ मी दरखेपेला दोनदा म्हनायचो. लोका हसायची. म्हातारा इसरतो, म्हनायची."

माझे पाय जागच्या जागी थांबले. मिरजेचा तो अर्ज मी कधी टाकलाच नव्हता. एका पावसात पर्ससकट भिजला, शाई पसरली, पुन्हा लिहीन पुन्हा लिहीन म्हणता म्हणता जागा भरून गेली. हा आपला आळशीपणा, असंच मी तोवर धरून चालले होते. त्यांना त्या अर्जाचं ठाऊक होतं की नव्हतं, मला कधी कळलं नाही. मी विचारलंही नाही.

मामंजी पुढे जाऊन थांबले आणि मागे वळले. "मंग? तवा तुज्या मनात जा काय व्हता, ता झाला का पुरा?"

"झालं," मी म्हणाले. "पुढे बांध फुटलाय, बघून पाय टाका."